मशीनचं सोवळं

निमोण्याच्या आमच्या घरात दारू हा शब्द मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. रस्त्यानं कुणी झोकांड्या खात चालला असला, तरी आमची काकू दारातून बघून म्हणायची, “त्याला बरं न्हाई वाटतं आज.” याला कारण माझे थोरले चुलते, तात्या. तात्यांच्या पाठचे माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, आणि त्यांच्या पाठचा एक भाऊ होता, तो ऐन उमेदीत पिण्यापायी गेला. तेव्हा मी पाळण्यात होते. त्याचे दिवस उरकले आणि तात्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली. नुसती स्वतः घातली नाही, तर घरातल्या एकेकाला समोर बसवून घालायला लावली. ज्या घराच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागं रानोमाळ हिंडल्या, त्या घरात मटण परकं झालं. लोकांच्या घरी यात्रेला बोकड शिजायचा आणि आमच्या घरी हुलग्याच्या शेंगोळ्या. लसणाची फोडणी घालून काकू त्या अशा काही करायची, की मटणाची आठवण यायचं कारण नव्हतं. पण आठवण काढायची बंदी होती म्हणूनच आम्ही पोरं ती जास्त काढायचो.

हे आधी सांगितलं, कारण त्याच घरात मी अल्कोहोलची बाटली आणली आणि लपवली नाही. लपवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं माझी आई जन्मभर म्हणत आली. खरं असेल. पण मला लपवायचा कंटाळा होता, तो आजही आहे.

आप्पा गावचे कर्णेवाले. लग्न, बारसं, भजन, निवडणूक, काहीही असो, आमचा कर्णा लिंबाच्या झाडावर चढायचा. कर्णा कुणीही बांधील. खरी वस्तू होती ती मशीन, म्हणजे अँप्लिफायर. काचेच्या व्हॉल्व्हचा, पत्र्याच्या जाड पेटीतला, उचलायला दोन माणसं लागतील असा. आप्पांनी तो दौंडहून आणला होता. तिथल्या कुठल्याशा जुन्या हॉलमध्ये तो गोऱ्या लोकांच्या नाचाला वाजायचा, असं आप्पा सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. बटण दाबलं की मशीन आधी गप्प राहायचं. मग एकेका काचेच्या आत केशरी तार उजळायची, धुळीचा भाजका वास सुटायचा आणि कर्ण्यातून हलकंसं ‘हूं’ यायचं. तेव्हा आप्पा माईकवर बोट टिचकावून सांगायचे, “आलं बगा.” गावात तोवर शिरूरहून नवी, हलकी, बटण दाबताच बोंबलणारी मशिनं येऊ लागली होती. आमचं मशीन म्हातारं ठरलं होतं. आता माझ्या दौंडच्या दुकानात पुण्याची चांगली शिकलेली मंडळी गाडीच्या डिकीतून असली मशिनं घेऊन येतात, त्यांना लाडानं विंटेज म्हणतात आणि त्यांच्या आवाजात ऊब आहे असं मलाच समजावून सांगतात. मी ऐकून घेते. तेव्हा मात्र ऊब-बीब कुणी म्हणत नव्हतं; भंगारवाला अधूनमधून दारावरून विचारून जायचा.

कर्णा बांधताना आप्पा झाडावरून पडले आणि त्यांचा पाय कायमचा वाकडा झाला. त्यानंतर झाडावर मी चढू लागले. गावात व्हायची ती चर्चा झाली. पारावर बसणाऱ्या एका आजोबांनी मला खालून विचारलं, “पोरी, तुझं लगीन कवा व्हायचं गं असं झाडाव चढून?” मी वरूनच ओरडले, “झाडाव चढता येणारा मिळाला की!” संध्याकाळी आईनं पाठीत धपाटा घातला. पण दुसऱ्या दिवशी कर्णा उतरवायला मलाच धाडलं, कारण दुसरं होतं कोण?

मशीनचं दुखणं वेगळं होतं. आप्पा त्यावर घोंगडी पांघरायचे. आमच्या घरात किमती वस्तूवर घोंगडीच पडायची, मग ती धान्याची कणगी असो की आजारी माणूस. घोंगडीची लव मशीनमध्ये शिरायची. भजनात उधळलेला बुक्का शिरायचा. उदबत्तीची राख शिरायची. आवाजाचं बटण फिरवलं की कर्ण्यातून अशी खरखर यायची, की बाया कानावर पदर घ्यायच्या. आप्पा त्यात रॉकेल सोडायचे. दोन दिवस बरं चालायचं आणि मग दुप्पट बिघडायचं.

दहावीनंतर पुढं शिकायला मला दौंडला मामाकडं ठेवलं. मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान रेल्वे लाइनीपासून इतकं जवळ होतं, की मालगाडी गेली की फळीवरच्या काचा किणकिणायच्या आणि मामा न बघता हात पुढं करून त्या धरायचा. कॉलेज सकाळी सुटायचं. दुपारी मी दुकानात. आप्पा रॉकेल घालतात हे ऐकून मामानं कपाळावर हात मारून घेतला. “रॉकेल मागं तेल ठिवतंय, आन् तेलाव धूळ बसती. पाणी लावलं तर पाणी आत मुरून राहतंय,” तो म्हणाला. मग त्यानं फळीवरची पांढरी बाटली काढली, झाकण उघडलं आणि माझ्या मनगटावर एक थेंब टाकला. गार लागला, आणि बघता बघता नाहीसा झाला. “ह्ये आपलं काम करतंय आन् निघून जातंय.” सणसवाडीच्या कारखान्यात मामाचा एक ओळखीचा होता, तो हे आणून द्यायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटात पाणी असतं, ते मामाला चालायचं नाही.

मामानं शिकवलं ते सगळं अजून तसंच करते. वायर आधी काढायची. काढली तरी मशीनच्या पोटात वीज दडलेली असते, ती जिरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, अल्कोहोलात बुडवून पिळायचा, आणि व्हॉल्व्ह ज्या भोकांत बसतो ती भोकं एकेक करून पुसायची. व्हॉल्व्हचे पाय पुसायचे. काचेवर छापलेली अक्षरं मात्र सोडायची. अल्कोहोल लागलं की ती पुसून जातात, आणि मग कुठला व्हॉल्व्ह कुठला, कोण सांगणार? आवाजाच्या बटणाच्या फटीत एक-दोन थेंब सोडून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसायचं. आणि सगळं वाळल्याशिवाय, वास पुरता गेल्याशिवाय, वायर लावायची नाही, नाहीतर भडका. कापूस काळा होत जाताना बघायला मला फार आवडायचं. घर सारवून झाल्यावर आई दारात उभी राहून बघायची ना, तसं.

सुटीत गावी आले ती मामाकडून बाटली घेऊनच. अंगणात मशीन उघडलं आणि काम सुरू केलं. वास घरभर गेला. तात्या गोठ्यातून आले, उंबऱ्यात थबकले.

“कशाचा वास ह्यो?”

आईनं माझ्याकडं बघून डोळे वटारले. औषध म्हण, असा त्याचा अर्थ. मी म्हणाले, “अल्कोहोलचा.”

“काय म्हनलीस?”

“अल्कोहोल. पण ह्ये प्यायचं न्हाई तात्या. पिलं तर माणूस मरंल. मशीन पुसायचं हाय.”

तात्या हळू आवाजात म्हणाले, “माणूस मरंल म्हून तर घरात नको.”

त्यांना कोण आठवलं हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. मी मुकाट्यानं बाटली गोठ्यातल्या कोनाड्यात नेऊन ठेवली आणि पुढं सगळं पुसणं गोठ्यात केलं. तात्यांवर मी पुढं पुष्कळ चिडले, पण त्या वाक्यावर कधी चिडले नाही.

मशीन लख्ख वाजू लागलं. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला तेव्हा सात दिवस एकदाही खरखर नाही. लोक आप्पांना म्हणायचे, “नवं घेतलं का काय?” आप्पा नुसते माझ्याकडं बघून हसायचे. तात्या सप्ताहाच्या पुढाऱ्यांत. त्यांच्या कानात कुणीतरी घातलंच, की तुमच्या पुतणीनं दारूनं धुतलेलं मशीन देवाच्या दारात बसवलंय. तात्या मला बोलले नाहीत. त्यांनी त्यांच्या परीनं उपाय केला.

आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. सकाळी मी वेणीफणी करायला घरी आले होते आणि आप्पा महाराजांना आणायला फाट्यावर गेले होते. उन्हाळ्यात तापू नये म्हणून मशीनवरची जाळी आम्ही काढूनच ठेवायचो. मी परत गेले तर मांडव माणसांनी भरलेला, टाळकरी उभे, महाराज माईकसमोर. आप्पांनी बटण दाबलं. केशरी तारा उजळल्या. आणि मग कर्ण्यातून असा आवाज आला, की देवळावरची कबुतरं उठली. तडतड, फाटकन, पुन्हा तडतड. महाराजांनी कानांवर हात ठेवले. मशीनमधून एक निळी ठिणगी उडाली, फ्यूज गेला आणि सगळं गप्प झालं.

“बगा!” तात्या पुढं आले. “दारूनं धुतल्याव दुसरं काय हुणार! उद्याच्या उद्या भंगारात घाला ह्ये. आन् पोरीचं दौंड बंद. असलंच शिकवत असतील तर नको ते शिक्षाण.”

मशीनचं वाईट वाटलंच. पण दौंड बंद म्हणजे कॉलेज बंद, मामाचं दुकान बंद, आणि याच उन्हाळ्यात मला बोहल्यावर उभी करणार. हे सगळं त्या एका वाक्यात होतं आणि मांडवातल्या प्रत्येक बाईला ते कळलं होतं. मी वाकून मशीनचा वास घेतला. अल्कोहोलचा वास कधीच उडून गेला होता. हा वास दुसराच होता, आणि तो मला जन्मापासून ओळखीचा होता.

“तात्या, ह्यात काय घातलं?”

तात्या खोटं बोलणारे नव्हते. “गोमूत्र शिपडलं. कापडानं आतून पुसून पण काढलं. देवाच्या दारात बसवायचं म्हंजी शुद्ध नको करायला?”

मागं पोरं फिसकन हसली. बाया पदरात तोंड घालून हसल्या. तात्यांचा चेहरा पडला, आणि मला त्यांची दया आली नाही. त्यांनी भक्तिभावानं केलं होतं हे मला तेव्हाही दिसत होतं. गाईच्या मुतात मीठ असतं, ते व्हॉल्व्हच्या भोकांत गेलं की वीज वाट फुटेल तिकडं पळते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पण शिकवलं असतं तर ऐकलं असतं का? माझ्याकडून तर नाहीच. मी संतापले होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं.

मी गोठ्यात गेले. कोनाड्यातली बाटली घेतली, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून बॅटरीत घालायचं पाणी मागून घेतलं, आणि परत आले ती मधल्या वाटेनं, बाया आणि बाप्यांच्या मधून. बाटली ओढणीखाली घेतली नाही. हातात धरली, सगळ्यांना दिसेल अशी. मांडवाच्या तोंडाशी तात्या आडवे उभे.

“ही बाटली देवाच्या दारात आणायची न्हाई.”

“मंग कीर्तन कसं ऐकणार गाव?”

“न्हाई ऐकलं तरी चालंल.”

तेव्हा आप्पा उठले. आप्पा थोरल्या भावासमोर कधी मान वर करून बोललेले मी पाहिलं नव्हतं. जेवताना मीठ कमी असलं तरी तात्या बोलेपर्यंत ते बोलायचे नाहीत. वाकडा पाय ओढत ते मांडवाच्या तोंडाशी आले आणि म्हणाले, “तात्या, वाईच सरका. मशीन माझं हाय. पोरीला पुसू द्या.”

तात्या सरकले. मला वाटतं त्यांना आप्पांच्या बोलण्यापेक्षा, आप्पा बोलले याचाच धक्का बसला.

महाराजांनी तोवर माईकशिवाय टाळ-मृदंगावर भजन सुरू करून दिलं. मी एका कडेला मशीन उपडं करून बसले. आधी पोटातली वीज जिरवली. मग बॅटरीच्या पाण्यानं मीठ पुसून काढलं, कारण नुसतं अल्कोहोल मिठाला पुरत नाही. मग अल्कोहोलानं ते पाणी घालवलं. काडी, कापूस, काडी, कापूस. वास मांडवभर पसरला. पहिल्या रांगेतल्या माळकऱ्यांनी उपरणी नाकाला लावली. कुणीतरी म्हणालं, “आता ग्लास पण आणा की.” मी मान वर न करता म्हणाले, “तुम्हाला लागत आसंल तर घरून आणा.” आता लोक उघड हसले. आई रडवेली होऊन माझ्याकडं बघत होती, पण जवळ येऊन सुपानं वारा घालू लागली. तिच्या हातात सूप कुठून आलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

वास पुरता गेल्यावर मी नवा फ्यूज घातला आणि वायर लावली. तारा उजळल्या. कर्णा गप्प. मग हलकंसं ‘हूं’. महाराजांनी घसा खाकरला आणि ते खाकरणं थेट ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. कीर्तन असं वाजलं, की पलीकडच्या मळ्यात भाजी खुडणाऱ्या बाया काल्याला धावत आल्या.

दहीहंडी फुटली, लापशी-आमटीच्या पंगती उठल्या, आणि मग तात्यांनी चार वडीलधाऱ्यांना बसवून मला बोलावलं. राग उतरला होता त्यांचा. म्हणाले, “झालं ते झालं. देवाच्या दारात बाटली आणली, येवढी माफी महाराजांची आन् गावची माग. विषय मिटला. दौंडला जा मंग, माझं काय म्हणणं न्हाई.”

सोपं होतं. दोन शब्द आणि सगळं माझ्या पदरात. आई कानाशी पुटपुटली, “माग की गं. काय झिजतंय का तुझं?” झिजत होतं. काय झिजत होतं हे मला सांगता आलं नसतं, पण झिजत होतं.

मी महाराजांच्या पाया पडले. उठून तात्यांना म्हणाले, “पाया पडले. माफी मागणार न्हाई. मी घाण केली न्हाई, पुसली.”

महाराज गडबडले. “ऐकू मातर झ्याक आलं बरं का,” एवढं म्हणून ते चपला शोधू लागले.

तात्या उठले. “मग आजपास्नं माझ्याशी बोलायचं न्हाई.”

“बरं,” मी म्हणाले. आणि ते कबूल करताना मी भ्याले होते, हेही लिहून ठेवते. लहानपणी जत्रेत मला खांद्यावर घेऊन फिरवणारा हा माणूस.

दौंडला मात्र मी गेले. आप्पांनी स्वतः एस.टी.त बसवलं. बारावी झाले, मामाच्या दुकानात बसले, पुढं ते दुकान चालवू लागले, लग्न केलं, पोरं झाली. तात्या शब्दाचे पक्के. माझ्या लग्नात अक्षता टाकल्या, जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. मी गावी गेले की निरोप काकूमार्फत. समोर बसून म्हणायचे, “तिला म्हणावं, जेवून जा.” मीही समोरूनच सांगायचे, “त्यांना म्हणावं, जेवते.” मधल्या मध्ये काकू वैतागायची. किती वर्षं हा खेळ चालला, आणि त्यात मला किती दुखलं, ते कुणी विचारलं नाही. दुखलं. पण माझ्या मनानं कधी कच खाल्ली नाही.

मांडीचं हाड मोडून तात्या अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेले. दुपारची वेळ. काकू मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाली, “आता तरी म्हण गं एकदा. म्हातारा काय आता उठत न्हाई. तुझ्या दोन शब्दांनी सुखानं जाईल.” मी बाहेर येऊन तात्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा धड पाय चेपू लागले. त्यांचे डोळे मिटलेले होते. झोपलेत असं मला वाटलं.

“न्हाई ना मागत?” डोळे न उघडता त्यांनी विचारलं. मला. काकूला नाही.

“न्हाई,” मी म्हणाले.

“बरं,” तात्या म्हणाले, आणि कण्हत कण्हत त्यांनी दुखरा पायही माझ्याकडं सरकवला.